सहा कमी

बाटलीवर छापलंय : साठ.
एक तारखेला सील फोडलं. रोज सकाळी एक, चहाआधी.
आज तेवीस.
म्हणजे सदतीस उरायला हव्यात.
आरशामागच्या कपाटातून बाटली खाली आणली,
ओट्यावर बशीत ओतून दोनदा मोजल्या,
दहा-दहाचे ढीग करून.
एकतीस.

हलच्या गोदीवरच्या एका मासळी कंपनीचे पगार
सव्वीस वर्षं काढले मी.
पेनीचा फरक निघाला तरी आठ-आठ वाजेपर्यंत बसायचे.
मिस्टर ऑल्ड्रिज दिवे घालवायला आले की म्हणायचे,
"एका पेनीसाठी?"
पेनीसाठी नव्हे हो.
ताळा जमला नाही
की घास उतरत नाही माझ्या घशाखाली.

तर सहा कमी.
म्हणजे सहा सकाळी मी गोळी घेतली,
घेतल्याचं विसरले, आणि पुन्हा घेतली.
विसरू नये म्हणून घ्यायची गोळी
विसरून दोनदा.
आधी हसायलाच आलं.
मग नाही आलं.

गोळी म्हणजे खरं तर कॅप्सूल. आत ब्राह्मी,
गिंको नावाच्या कुठल्याशा झाडाचा पाला,
आणि एक बुरशी, तिला म्हणे सिंहाची आयाळ म्हणतात.
न्यूलँड अव्हेन्यूवरचा टोमाश खरं बोलणारा केमिस्ट.
"मिसेस खांबेटे, पुरावा फारसा नाही,
अपाय बहुधा नाही,
किंमत मात्र आहे."
म्हटलं, दे.
पहिल्या दिवशी एक उघडून हुंगली होती :
पाटाच्या कडेची ओली माती,
म्हशी उठून गेल्यावरची.

ऑक्टोबरात मेमरी क्लिनिकला गेलो होतो.
डॉक्टरीणबाईंनी एक पत्ता सांगितला, ध्यानात ठेवा म्हणाल्या,
आणि मध्येच वीसपासून उलटे आकडे म्हणायला लावले.
मला! अकरा दिढे साडेसोळा
झोपेतही सांगेन मी.
पाच मिनिटांनी पत्ता विचारला. सांगितला :
मेरी हॉल, सतरा, चर्च लेन, बेव्हर्ली.
आता ही मेरी हॉल डोक्यातून जातच नाही.
अशी बाई कुठे राहत नाही, ठाऊक आहे मला,
तरी बेव्हर्लीची बस दिसली की वाटतं
एकदा तिच्याकडे जाऊन यावं,
डब्यात काहीतरी घेऊन.
"वयोमानाप्रमाणे," असं लिहून दिलं त्यांनी कागदावर.
मोरेश्वर शेजारच्या खुर्चीत होता, टोपी मांडीवर.
मला धीर द्यायला आला होता.

त्या रात्री हंबरवर धुकं होतं.
जाग आली तर शेजारची गादी गार.
न्हाणीघराच्या दाराखाली उजेडाची रेघ,
आत दबका आवाज,
नुकती मुंज झालेला बटू संध्या घोकतो तसा :
"मेरी हॉल. एकोणीस.
मेरी हॉल. एकोणीस. चर्च...
चर्च रोड..."
मग थांबला बराच वेळ.
मग नळ.
मग ते झाकण, लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून
दाबून फिरवावं लागतं ना, त्याची
कटकट कटकट.

ताळा जमला.
पूर्वी जमला की लगेच झोप लागायची.
मी भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडले,
तो येऊन पांघरूण ओढेपर्यंत
त्याच्यासाठी मनातल्या मनात म्हणत राहिले :
सतरा. लेन.
सतरा. लेन.

सोमवारी टोमाशकडून एकशेवीसची आणली.
मोरेश्वरनं ती हातात घेतली, फिरवली,
बारीक अक्षरं वाचल्यासारखं केलं, चष्मा नसताना.
"एवढ्या कशाला?"
"मोठी स्वस्त पडते."
आणि कपाटात खालच्या फळीवर ठेवली,
जिथे त्याचा हात पोचतो
दिवा न लावता.